कॅप्टन प्राइस आणि बंद दारं

‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ हा युद्धाचा व्हिडिओ गेम २००७च्या नोव्हेंबरात आला. त्याच्या कॅम्पेनमध्ये, म्हणजे कथेच्या भागात, खेळणाऱ्याला दार उघडता येत नाही. दारापाशी जाऊन हवी ती बटणं दाबा, दार ढिम्म हलत नाही. आपण थांबायचं. मागून आपला अधिकारी कॅप्टन प्राइस किंवा त्याच्या तुकडीतला कुणी येतो, चौकटीला पाठ लावून क्षणभर उभा राहतो, लाथ घालतो, आणि मगच आत जायला मिळतं.

यामागचं कारण आधी तांत्रिक आहे. दारापलीकडचे शत्रू बहुतेक वेळा तिथे उभेच नसतात. जमिनीवर एक न दिसणारी रेघ आखलेली असते. ती आपण ओलांडली की पुढचं दृश्य सुरू होतं, शत्रू जागेवर येतात, संवाद वाजतात. एक्सबॉक्स ३६० या गेमच्या यंत्रात तेव्हा सगळी मिळून ५१२ एमबी मेमरी होती. खेळणारा वाटेल ते दार वाटेल तेव्हा उघडू लागला, तर त्याला हे सगळं अर्धवट अवस्थेत दिसलं असतं. म्हणून किल्ली अधिकाऱ्याच्या हाती दिली. पण गेम बनवणाऱ्या इन्फिनिटी वॉर्डच्या मंडळींनी या अडचणीतूनच एक माणूस उभा केला, आणि गेमिंगच्या इतिहासातला सगळ्यात लक्षात राहिलेला कमांडर या तांत्रिक सोयीतून घडला असं माझं ठाम मत आहे. डोक्यावरची रुंद काठाची बुनी हॅट, तोंडातला सिगार, कल्ल्यांना भिडलेल्या मिशा ही त्याची ओळख खरी. त्याचा अधिकार मात्र दारापाशी तयार होतो. तो ‘थांब’ म्हणतो आणि आपल्याला खरोखर थांबावं लागतं.

प्राइस हे नाव त्याआधीचं. २००३च्या पहिल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’त दुसऱ्या महायुद्धातला एक ब्रिटिश कॅप्टन प्राइस होता, पेगासस पुलावरच्या रात्री आपल्याला घेऊन जाणारा. तो टिर्पिट्झ या जर्मन युद्धनौकेवर मारला जातो. २००५च्या दुसऱ्या भागातही प्राइस आहे. २००७मध्ये तेच नाव आणि साधारण तोच चेहरा आजच्या काळात आला, एसएएस या ब्रिटिश विशेष दलात. आवाज बिली मरे या इंग्लिश नटाचा. जाडसर, घाई नसलेला, हुकूम देताना कधी न चढणारा आवाज आहे तो. हेडफोनमध्ये बंदुका कडाडत असताना खालच्या पट्टीतलं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू येतं, आणि लढाईच्या मध्यात शब्द हरवू नये यासाठी त्याचा फार उपयोग होतो.

पहिली भेट एसएएसच्या क्रेडनहिल तळावर. आपण ‘सोप’ मॅकटॅव्हिश, तुकडीत नवखे. प्लायवूडची जहाजाची प्रतिकृती उभी आहे, तिच्यातून पळत जायचं. दोर, मग एकामागून एक ठरलेल्या जागा, प्रत्येक जागेवरून लाकडी पुतळे पाडायचे, मध्ये एका दारातून फ्लॅशबँग, म्हणजे डोळे दिपवणारा आणि कान बधिर करणारा गोळा, टाकायचा आणि शेवटी धाव. तुकडीतल्या गॅझचा विक्रम १९ सेकंदांचा. तो गाठताना लोक तीन ठिकाणी अडकतात. पहिलं, प्रत्येक जागेसाठीच्या हाकेची वाट पाहतात. ती पाहायची गरज नाही. पुतळे पडले की पुढे निघायचं. दुसरं, बंदुकीच्या माशीतून नेम धरतात. इतक्या जवळच्या अंतरावर एमपी५ कमरेवरून चालवली तरी पुरते, आणि प्रत्येक वेळी बंदूक डोळ्याशी नेण्यात वेळ जातो. तिसरं, फ्लॅशबँग चौकटीला आपटून परत पायाशी येतो. तो पळता पळता दाराच्या मधोमध सोडावा लागतो. शेवटच्या पुतळ्यानंतर पळण्याचं बटण दाबायला विसरणारे तर असंख्य. हे सगळं प्राइस वर पडद्यावर पाहत असतो आणि आपल्या वेळेवरून कोणत्या पातळीवर खेळावं ते सुचवतो. म्हणजे ‘सोपं की अवघड’ हा मेन्यूतला रुक्ष प्रश्नही अधिकाऱ्याच्या तोंडून येतो. इतकी नीट बसवलेली सुरुवात मी फार थोड्या गेममध्ये पाहिली आहे.

नवे लोक या गेममध्ये सर्वांत जास्त मरतात ते प्राइसबद्दलच्या एका गैरसमजामुळे. तो पुढे आहे, तो सगळ्यांना मारेल, मग आपण जाऊ, असं त्यांना वाटतं. तसं होत नाही. बऱ्याच ठिकाणी शत्रू संपतच नाहीत. आपण विशिष्ट रेघ ओलांडेपर्यंत घरांच्या आडोशातून नवे येतच राहतात. ‘व्हेटरन’ या सर्वांत अवघड पातळीवर आडोशाला बसून राहिलं की हातबॉम्बचा पाऊस पडतो. उपाय एकच. धुराचा गोळा टाकायचा, पुढचा आडोसा हेरायचा, पाच-सात पावलं पळायचं आणि पुन्हा बसायचं. आपण रेघ ओलांडली की प्राइसही पुढे सरकतो. तो शत्रूच्या गोळ्यांनी मरत नाही, पण आपली गोळी त्याला लागली तर मिशन तिथेच संपतं आणि पडद्यावर ताकीद येते. म्हणून अरुंद बोळात त्याच्या थेट मागे चालू नये. अर्धं पाऊल बाजूला राहावं. बेरिंगच्या समुद्रातल्या मालवाहू जहाजावर, बुडण्याआधीच्या त्या अरुंद जिन्यांत, ही सवय लागते. तुकडीच्या नजरेबाहेर राहिलेला कोपरा आपला. प्राइस तेच सांगत असतो, कोपरे बघा.

पण प्राइस खरा कळतो तो जिथे तो कॅप्टन नाही तिथे.

गेमच्या मध्यावर गोष्ट २०११मधून पंधरा वर्षं मागे जाते, १९९६मध्ये, चेर्नोबिलजवळच्या प्रिपयात शहरात. आता आपण स्वतः प्राइस आहोत, लेफ्टनंट. पुढे कॅप्टन मॅकमिलन. दोघांच्या अंगावर घिली सूट, म्हणजे गवत आणि चिंध्या विणलेला, माणसाला झुडूप करून टाकणारा पोशाख. हातात आवाज दाबलेली एम२१ रायफल. ‘ऑल घिलीड अप’ या मिशनचं डिझाइन मोहम्मद अलावी यांचं. इथे गोळ्या झाडण्यापेक्षा न झाडण्याचे प्रसंग जास्त आहेत. सुरुवातीलाच किरणोत्सर्गाचे खड्डे आहेत. गायगर काउंटरची करकर वाढली की मागे फिरायचं, तिथे रेंगाळलात तर गोळीशिवाय मराल. पुढे चर्चच्या मनोऱ्यात एक टेहळ्या आणि खाली फिरणारा एक. वरचा आधी टिपायचा, कारण त्याला सगळं दिसतं. एकटा पहारेकरी दिसला तर मॅकमिलन सांगतो, मार नाहीतर जाऊ दे, तुझं तू ठरव. बहुतेक खेळणारे मारतात. सोडून दिलं तरी काही अडत नाही, उलट मागे उघडं प्रेत राहत नाही.

मग ते उंच गवताचं मैदान येतं. समोरून चिलखती गाड्या आणि त्यांच्यामधून पसरलेली पायदळाची रांग थेट आपल्या अंगावर येते. मॅकमिलन पालथा पडतो आणि हलू नकोस म्हणतो. इथे चुका ठरलेल्या असतात. माणूस घाबरून मागे सरपटतो, आणि तेवढी हालचालही टिपली जाते. किंवा सैनिक दहा पावलांवर आला की बंदूक उचलतो. एकाला पाडता येतं, पण मागच्या गाड्यांचं काय? करायचं ते असं : पालथं पडायचं, नजर जमिनीवरून न काढता फक्त सर्वांत जवळच्या बुटांवर ठेवायची, ते बूट सरळ आपल्याकडे येत असतील तरच एका बाजूला इंच-इंच सरकायचं आणि लगेच थांबायचं. गाडीची चाकोरी कुठून जाणार हे लांबूनच पाहून त्या रेषेत पडून राहू नये. बूट कानाजवळून जातात. गवताची पाती पडद्यावर आडवी येतात. हातात भरलेली रायफल असते आणि ती चालवायची नसते. लष्करी गेम म्हणजे ट्रिगर दाबणं, असा समज तोवर पक्का झालेला असतो. या दीड-दोन मिनिटांत तो मोडतो. पुढे इमारतींच्या मध्ये प्रेत खाणारं रानटी कुत्रं दिसतं. त्यालाही हात लावू नको, असा हुकूम येतो. जे ऐकत नाहीत, त्यांच्यावर सगळं टोळकं येतं.

जो प्राइस पुढे आपल्याला दारापाशी थांबवणार आहे, तो थांबायला इथे शिकला. आणि तो आपल्याच हातांनी शिकला. गेमने हे संवादात सांगितलं असतं तर दोन ओळींत विसरलो असतो.

नंतरच्या मिशनमध्ये नेमबाजी आहे आणि तिथे गेमची माहिती चांगली आहे. बॅरेटची पॉइंट फिफ्टी रायफल, लांबवर गोष्टीतला खलनायक इम्रान झाखाएव्ह, मध्ये फडकणारं निशाण. मॅकमिलन वाऱ्याबद्दल बोलतो आणि कोरिऑलिस परिणामाचाही उल्लेख करतो. लोकांच्या लक्षात कोरिऑलिस राहतो, कारण शब्द भारदस्त आहे. हिशेब करून पाहावा. किलोमीटरभर अंतर, गोळीला लागणारा वेळ साधारण दीड सेकंद, प्रिपयातचा अक्षांश ५१ अंशांच्या आसपास. पृथ्वीच्या फिरण्याने गोळी उजवीकडे सरकते ती आठ-नऊ सेंटिमीटर. ताशी १० किलोमीटरचा आडवा वारा मात्र तीच गोळी जवळजवळ मीटरभर नेतो. म्हणून डोळा निशाणावर ठेवायचा. वारा पडला, निशाण लटकलं, की मगच श्वास रोखायचं बटण दाबायचं. ते आधीच दाबून वाट पाहत बसलं तर दम संपतो आणि काचेतली फुली आधीपेक्षा जास्त डगमगते. नेम कुठेही लागला तरी झाखाएव्हचा एक हात जातो आणि तो जगतो, कारण पुढच्या गोष्टीला तो हवा आहे. ही कथेची जबरदस्ती आहे आणि ती खटकते. इतका नेमका हिशेब करायला लावून उत्तर आधीच ठरवून ठेवलेलं.

पळताना हेलिकॉप्टर कोसळून मॅकमिलनचा पाय निकामी होतो. त्याला खांद्यावर घ्यावं लागतं. खांद्यावर असताना बंदूक चालत नाही. म्हणजे प्रत्येक चौकात प्रश्न येतो : कुठे ठेवू? उघड्यावर ठेवला तर तो मरतो आणि मिशन संपतं, फार आडोशाला ठेवला तर त्याच्या रायफलीचा उपयोग होत नाही. भिंतीला टेकवून, समोर लांबवर मोकळं दिसेल असा ठेवावा. तो पडल्या पडल्या बरेच टिपतो. शेवट प्रिपयातच्या उंच आकाशपाळण्यापाशी. ते करमणूक उद्यान १ मे १९८६ला सुरू व्हायचं होतं, २६ एप्रिलला अणुभट्टी फुटली. येणाऱ्या वाटांवर क्लेमोर सुरुंग लावायचे, तोंड वाटेकडे आणि पाठ आपल्याकडे. उलटं ठेवलं तर छर्रे आपल्याच दिशेने येतात. सी४ हे स्फोटक शेवटच्या गर्दीसाठी राखायचं. हेलिकॉप्टर उतरेपर्यंत शत्रू संपत नाहीत, तेव्हा मारण्याची मोजदाद करू नये, पालथं पडून वेळ काढावा. हेलिकॉप्टर आल्यावर मॅकमिलनला पुन्हा उचलायचं राहून गेलं तर सगळं पुन्हा.

जाणकारांना खटकणारी एक गोष्ट. १९९६ला लेफ्टनंट असलेला माणूस गोष्टीतल्या २०११मध्ये अजून कॅप्टनच. ब्रिटिश सैन्यात इतक्या वर्षांत तो मेजर होऊन टेबलामागे गेला असता. एसएएसमध्ये सोळा जणांचा ट्रूप कॅप्टनकडे असतो, पण अधिकारी दोन-तीन वर्षांसाठी येतात आणि जातात. वर्षानुवर्षं राहतात ते सार्जंट. प्राइसचं वागणं पाहिलं तर तो अनुभवी सार्जंट आहे, खांद्यावर फक्त कॅप्टनचे तारे लावलेत. माझ्या मते म्हणूनच तो पटतो. नकाशावर बोट ठेवून बोलणारा अधिकारी आपल्याला जवळचा वाटला नसता.

त्याच्या पिस्तुलाकडेही नीट पाहावं. एम१९११, पॉइंट ४५, मॅगझिनमध्ये सात गोळ्या. २००७च्या गेमच्या शेवटी पुलावर सगळे कोसळलेले असताना जखमी प्राइस ते जमिनीवरून सोपकडे सरकवतो. वेळ संथ झालेली, झाखाएव्ह आणि दोन अंगरक्षक समोर. घाईने तिघांवर गोळ्या उधळल्या तर मॅगझिन रिकामं होतं, एकेकाला नेम धरून घ्यावं लागतं. मालिकेतल्या २००९च्या गेममध्ये रशियातल्या तुरुंगातून कैदी क्रमांक ६२७ बाहेर निघतो, तो प्राइस असतो, आणि सोप त्याला तेच पिस्तूल परत देतो. २०११च्या गेममध्ये प्रागला सोप मरतो तेव्हा प्राइस ते त्याच्या छातीवर ठेवतो. या तीन गेममधली कथा अनेक ठिकाणी भरकटते, हे पिस्तूल भरकटत नाही.

प्राइसवर प्रेम करणाऱ्यांनी त्याची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे. २००७च्या गेममध्ये खुर्चीला बांधलेल्या अल-असद या शत्रूच्या नेत्याला तो फोन ऐकल्यावर गोळी घालतो. २०११च्या गेममध्ये खलनायक माकारोव्हला फासावर लटकवून सिगार पेटवतो. बांधलेल्या कैद्याला मारणं हा युद्धगुन्हा आहे, आणि गेम आपल्याला तिथे फक्त पाहायला लावतो. सर्वांत अवघड प्रसंग २००९चा, ‘कंटिन्जन्सी’. बर्फाच्या वादळात प्राइस आपल्याला रानातून नेतो, अगदी मॅकमिलनसारखा. दोघे पहारेकरी सिगारेटला थांबलेत, एक तू टिप, एक मी. ही गस्त जाऊ दे. शिष्य गुरू झालेला आहे, आणि वाटभर तो आपल्याला संयम शिकवतो. मग पाणबुडीत शिरतो आणि कुणालाही न विचारता वॉशिंग्टनवर अण्वस्त्र सोडतो, ते हवेत वर फुटून सगळी विजेची यंत्रणा बंद पाडावी म्हणून. रेडिओवर तुकडीतला घोस्ट ओरडत राहतो. मिशनभर ‘थांब’ म्हणणारा माणूस स्वतः थांबला नाही. मला हा प्रसंग प्राइसच्या व्यक्तिरेखेतला सर्वांत खरा वाटतो, आणि लेखकांनी पुढे त्याची पुरेशी किंमत त्याला मोजायला लावली नाही याचं दुःख वाटतं.

त्याच गेममध्ये दारं आपल्या हातात आली. दाराला स्फोटक चिकटवायचं, आत शिरताच वेळ संथ होते, चार-पाच जणांना सावकाश टिपायचं. थरार भरपूर, पण दारापाशी थांबणं संपलं.

२०१९ला मालिका नव्याने सुरू झाली आणि प्राइसचं काम बॅरी स्लोन यांनी केलं. ‘क्लीन हाउस’ या मिशनमध्ये लंडनच्या कॅमडन भागातलं एक उभं, अरुंद घर रात्री मजल्यामागून मजला तपासायचं आहे. आता दार आपणच उघडतो, पण कसं, यावर सगळं अवलंबून आहे. पळत धडक दिली तर दार भिंतीवर आपटतं आणि आतला सावध होतो. बटण हलकेच दाबलं तर फट पडते. मग शरीराने दार बोटभर ढकलायचं, खोलीचा एक कोपरा पाहायचा, आणखी बोटभर, दुसरा कोपरा. चौकटीत मधोमध उभं राहायचं नाही, गोळ्या दारातून आरपार येतात. रात्रीच्या चष्म्यातून आपल्या लेझरची रेघ दिसते, ती खोलीत आपल्याआधी शिरते. वरच्या एका खोलीत बाई झेप घेते ती पाळण्यातल्या बाळाकडे. माळ्यावरची बाई शरण आल्यासारखी बोलते आणि स्फोटाच्या बटणाकडे जाते. दोघींचे हात सारख्याच वेगाने हलतात. चेहऱ्याकडे न पाहता हातांकडे पाहायचं, आणि हात कुठे पोचतोय ते दिसेपर्यंत ट्रिगर दाबायचा नाही. इथे प्राइस फार बोलत नाही. त्याने २००७मध्ये दारापाशी जे करायला लावलं, ते आता खेळणाऱ्याने स्वतः करायचं आहे.

मुंबईच्या वाचकाला हे दृश्य नुसता खेळ वाटणार नाही. नोव्हेंबर २००८मध्ये एनएसजीच्या कमांडोंनी ताज, ट्रायडंट-ओबेरॉय आणि नरिमन हाउसमध्ये हेच काम केलं, शेकडो खोल्या, बंद दारं, धूर, आणि आत अतिरेकी आहे की पलंगाखाली लपलेलं कुटुंब हे माहीत नाही. हल्ला २६च्या रात्री सुरू झाला, हे काम २९च्या सकाळी संपलं. ताजमध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले, नरिमन हाउसमध्ये हवालदार गजेंद्र सिंग. १९८०ला लंडनच्या इराणी वकिलातीत एसएएसला १७ मिनिटं पुरली होती, कारण सहा दिवस आराखडा आखायला मिळाले होते आणि इमारत एकच होती. कॅमडनचं घर गेममध्ये काही मिनिटांत तपासून होतं. या तीन आकड्यांमधला फरक समजला की चेकपॉइंट, म्हणजे मेल्यावर पुन्हा सुरू करायची जागा, नसलेल्या कामाचा अंदाज येतो.

आपल्याकडे आज प्राइसला ओळखणारी बहुतेक मुलं ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’मुळे ओळखतात. सप्टेंबर २०२०मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आल्यावर पुष्कळजण तिकडे वळले. तिथे तो एक पोशाख आहे. टोपी आहे, मिशा आहेत, हुकूम नाही. २०२३च्या गेममधली बरीच मिशनं मोकळ्या नकाशाची झाली, कुठूनही शिरा, काहीही उचला, आणि प्राइसचा आवाज पत्ता सांगण्यापुरता उरला.

त्याला भेटायचं असेल तर २०१६मध्ये रेव्हन सॉफ्टवेअरने नव्याने घडवलेली २००७च्या गेमची आवृत्ती घ्यावी. पहिल्यांदा ‘हार्डन्ड’ पातळी ठीक. ‘रेग्युलर’वर गोळ्या खाऊन पुढे जाता येतं, त्यामुळे त्याचं ऐकण्याची गरजच पडत नाही, आणि ‘व्हेटरन’वर हातबॉम्ब टाळण्यात सगळं लक्ष जातं. सबटायटल्स चालू ठेवा, स्कॉटिश मॅकमिलनचे काही शब्द निसटतात. पार्श्वसंगीत थोडं कमी करा. जहाजावरच्या मिशनमध्ये प्राइसच्या पुढे पळू नका.